गळ आणि दया

नदीच्या काठी गळ टाकून बसलेली दोन माणसे आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. दोघांच्याही गळास मासा लागतो. पहिला तो मासा टोपलीत टाकतो, घरी नेतो आणि त्याच्या घरची माणसे रात्री देवाचे आभार मानून तो खातात. दुसरा माशाच्या ओठातील गळ हळुवार हाताने सोडवतो, त्याची कल्ल्यांची हालचाल पूर्ववत होईपर्यंत त्याला पाण्यात धरून ठेवतो आणि मग जाऊ देतो. या दोघांत अधिक दयाळू कोण, असे विचारले तर बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावता दुसऱ्याकडे बोट दाखवतील. हे उत्तर बरोबर आहे काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

या दुसऱ्या प्रकारच्या मासेमारीस पाश्चात्त्य देशांत छंदाहूनही अधिक, एका कलेचा मान आहे. डोंगरांतल्या थंड, खळाळत्या नद्यांत राहणारा ट्राउट हा तिचा मानाचा मासा. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी न लावता पिसे आणि रेशमाचे धागे गुंडाळून त्याला माशीचे रूप द्यायचे. जड दोरीच्या लयबद्ध झोक्याने ती खोटी माशी प्रवाहावर अलगद उतरवायची. आणि कीटक टिपण्यास वर आलेला मासा फसला की त्याला खेळवत, दमवत काठाशी आणायचे, अशी तिची रीत. मासा सोडून देणे हा आता अनेक ठिकाणी या खेळाचा नियमच झाला आहे.

नांदेडची गोदावरी आणि लातूरची मांजरा या उन्हाने तापणाऱ्या पठारावरील नद्या. त्यांत ट्राउट जगणार नाही. मरळ, वाम, शिंगाळा आणि धरणांत बीज सोडून वाढवलेले कटला व रोहू हे आपल्या ओळखीचे मासे. तरीही खेळ म्हणून मासा धरावा काय, हा प्रश्न मराठवाड्याला परका नाही. किंबहुना त्या खेळाचे शास्त्र सांगणारा एक फार जुना ग्रंथ याच मुलखाच्या उंबरठ्यावर लिहिला गेला.

लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. चालुक्य राजांची कल्याणी ती हीच. तिसरा सोमेश्वर या चालुक्य राजाने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात अशी नोंद त्यात असल्यामुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस तो परिचित आहे. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस प्रकरणे आहेत. चौथ्या भागात राजाच्या करमणुकी वर्णिल्या आहेत. कोंबड्यांच्या व मेंढ्यांच्या झुंजी, ससाण्यांचा खेळ, शिकार यांच्या पंक्तीत ‘मत्स्यविनोद’ हे एक प्रकरण येते. सुमारे पस्तीस जातींचे मासे, त्यांतले समुद्राचे कोणते व नदीचे कोणते, कोणाला खवले आहेत, कोणाला कोणते खाणे आवडते, काठी, दोरी आणि गळ कसा असावा, हे सारे त्यात सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

सोमेश्वराच्या नावनिवडीत एक प्रामाणिकपणा आहे. राजवाड्यात अन्नाची वाण नव्हती, हे तो जाणून आहे. म्हणून तो या कृतीला उपजीविका म्हणत नाही, धर्म म्हणत नाही आणि दयाही म्हणत नाही. तो तिला विनोद, म्हणजे करमणूक म्हणतो. हा शब्द आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे तोच हातातून निसटतो.

सोमेश्वर कल्याणीस ग्रंथरचना करीत होता, साधारण त्याच काळात, इ. स. ११४० च्या सुमारास, इटलीतील बोलोन्या नगरीत ग्रेशियन हा विद्वान ख्रिस्तसभेचे नियम एकत्र करीत होता. त्याच्या संग्रहात एक चमत्कारिक वाटणारा विचार आला आहे. पवित्र शास्त्रात संतपदाला योग्य असा शिकारी एकही सापडत नाही. कोळी मात्र सापडतात. एसाव शिकारी होता आणि त्याने आपला जन्महक्क एका वेळच्या जेवणासाठी विकला. पेत्र, अंद्रिया, याकोब आणि योहान कोळी होते आणि प्रभूने त्यांना बोलावले. या विचाराचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. १९१७ च्या धर्मसभा-संहितेने धर्मगुरूंना शिकारीच्या नादापासून दूर राहण्यास सांगितले आणि शिकारी कुत्र्यांच्या गोंगाटाची मोठी शिकार तर त्यांना सर्वस्वी मना केली. मासेमारीचे नाव त्या मनाईत नव्हते. मासा ओरडत नाही, त्याचे रक्त फारसे दिसत नाही, आणि त्याच्यामागे घोडे दौडवावे लागत नाहीत. शांत माणसाचा निष्पाप विरंगुळा म्हणून गळाला मान्यता मिळाली ती अशी.

खोट्या माशीने मासे धरण्याची सविस्तर माहिती देणारे इंग्रजीतील सर्वांत जुने छापील पुस्तक १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे निघाले. परंपरेने ते ज्युलियाना बर्नर्स या मठाधिकारिणीच्या नावावर आहे, जरी आजच्या अभ्यासकांना त्याचा पुरावा पुरेसा वाटत नाही. त्यात निरनिराळ्या महिन्यांसाठी बारा प्रकारच्या माश्या कशा बांधाव्यात हे सांगितले आहे. शेवटी थोडी नीतीही आहे: एका वेळी फार मासे धरू नयेत, लोभ करू नये, आणि केवळ पैशासाठी गळ न टाकता मनाच्या विसाव्यासाठी व शरीराच्या आरोग्यासाठी टाकावा. पहिल्या दोन गोष्टींस आपण आनंदाने संमती देऊ. तिसरी मात्र थोडी थांबून वाचावी लागते. पैशासाठी मासे धरू नका, असे कोण म्हणू शकतो? ज्याच्या घरची कणगी भरलेली आहे तोच. गोदावरीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या भोई माणसाला हे कोणी सांगू पाहील तर तो हसेल. त्याचा मासा त्याच्या मुलांच्या शाळेची फी आहे. विसाव्यासाठी धरलेला मासा श्रेष्ठ आणि पोटासाठी धरलेला कनिष्ठ, ही प्रतवारी पोट भरल्यानंतर केलेली आहे.

मग शुभवर्तमान काय सांगते? तेथे मासे पुष्कळ आहेत, पण जवळजवळ सगळे जाळ्याचे. रात्रभर कष्ट करूनही रिकाम्या राहिलेल्या होड्या, फाटू लागलेली जाळी, पुनरुत्थानानंतरच्या पहाटेचे ते मोजलेले १५३ मासे, या सर्व प्रसंगांत घाम आहे, भूक आहे आणि घरी वाट पाहणारी माणसे आहेत. संपूर्ण नव्या करारात गळाने मासा धरण्याचा प्रसंग एकच, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात. मंदिराची पट्टी भरायची आहे. प्रभू पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकण्यास सांगतो आणि पहिल्या माशाच्या तोंडात सापडणारे नाणे दोघांच्या वतीने द्यावयास सांगतो. त्या एकमेव गळामागेही गरज आहे, आणि ती आणखी एका माणसासोबत वाटून घेतलेली आहे. प्रभूने मासा खाल्ला, शिष्यांना खाऊ घातला, निखाऱ्यांवर भाजून ठेवला. मासे मारून खाणे हे आपल्या श्रद्धेत पाप नाही. पण माशाला खेळणे केल्याचे एकही उदाहरण तेथे मिळत नाही.

जुन्या करारात मात्र गळाकडे माशाच्या बाजूने पाहणारा एक आवाज आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायात खाल्डी लोकांच्या जुलमाने पोळलेला मनुष्य देवाला विचारतो की, तू माणसांना समुद्रातल्या माशांसारखे धनीविरहित का केलेस. शत्रू आम्हां सर्वांना गळाने वर ओढतो, जाळ्यात गोळा करतो आणि हर्ष करतो. पुढे तो म्हणतो की, तो शत्रू आपल्या जाळ्यालाच यज्ञ अर्पण करतो. शिकार करणाऱ्याला आपल्या साधनाची आणि कौशल्याची पूजा करावीशी वाटू लागते, हे त्या संदेष्ट्याने किती अचूक हेरले! ओठात रुतलेला गळ कसा असतो हे ज्याने भोगले त्याला तो विनोद वाटत नाही.

येथे एक आक्षेप येईल. संदेष्टा माणसांविषयी बोलत होता. माशाला तसे दुःख होते काय? या प्रश्नावर शास्त्रज्ञ आजही एकमताचे नाहीत. २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या ट्राउट माशावरच प्रयोग केले. माशाच्या डोक्यात इजा ओळखणारे मज्जातंतू आहेत, आणि ओठांना दाहक द्रव्य टोचल्यावर मासे अन्नाकडे उशिरा वळतात, अंग डोलवत राहतात व ओठ तळच्या खड्यांवर घासतात, असे त्यांना आढळले. मनुष्याच्या मेंदूचा जो भाग वेदनेच्या जाणिवेशी जोडलेला आहे तो माशाला नाही, म्हणून ही केवळ प्रतिक्रिया आहे, जाणीव नव्हे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. वाद मिटलेला नाही. पण शंका असताना कसे वागावे, हाच तर नीतीचा प्रश्न असतो. झुडपामागे हालचाल झाली आणि तेथे माणूस आहे की जनावर हे कळत नसेल, तर सज्जन माणूस बंदूक चालवत नाही. भूक लागलेली असेल तर संशयाचे वजन एका पारड्यात आणि भुकेचे दुसऱ्यात टाकता येते. खेळाच्या वेळी दुसऱ्या पारड्यात फक्त आपली करमणूक असते.

आपल्या परंपरेने याची कसोटी पूर्वीच दिली आहे. संत थॉमस अक्विनास प्राण्यांना माणसाच्या बरोबरीचे मानत नाहीत. तरी मुक्या प्राण्यांविषयी कळवळा बाळगणारा माणूस माणसांविषयीही कळवळा बाळगण्यास सिद्ध होतो, असे ते सांगतात. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे, परंतु त्यांना विनाकारण दुःख देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तीच शिकवण पुन्हा उच्चारली. सारा भार ‘विनाकारण’ या शब्दावर आहे. आश्चर्य असे की, काही देशांचे कायदेही याच शब्दापाशी येऊन पोहोचले. केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासे धरण्यास स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांत मनाई केली. तेथे पकडून खाणाऱ्याला परवानगी आहे. पकडून सोडण्याचाच बेत करून येणाऱ्याला नाही. प्रथमदर्शनी हा कायदा उफराटा वाटतो. विचार केला म्हणजे पटतो: खाणाऱ्यापाशी कारण आहे.

तर मग मासा सोडून देणे ही दया नव्हे काय? असिसीच्या संत फ्रान्सिस यांची एक कथा येथे आठवते. त्यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी ती नोंदवली आहे. रिएतीच्या सरोवरात नावेत बसलेले असताना एका कोळ्याने त्यांना नुकताच धरलेला मोठा जिवंत मासा भेट दिला. फ्रान्सिस यांनी त्याला भाऊ म्हणून हाक मारली, पुन्हा पाण्यात सोडले आणि ते प्रार्थना करू लागले. प्रार्थना संपून निरोप मिळेपर्यंत तो मासा नावेभोवती खेळत राहिला, असे कथा सांगते. पकडलेला मासा सोडल्याची ही कथा. परंतु एका गोष्टीकडे आपले लक्ष जावयास हवे. त्या माशाला फ्रान्सिस यांनी धरले नव्हते. दुसऱ्याच्या हातून संकटात सापडलेला जीव त्यांच्या ओंजळीत आला आणि त्यांनी त्याला मोकळे केले. ती दया. आपणच एखाद्याला विहिरीत ढकलावे, त्याची धडपड पाहावी आणि मग दोर सोडून त्याला वर काढावे, याला दया म्हणता येत नाही. दयेला दुसऱ्याचे दुःख समोर यावे लागते. ते मुद्दाम निर्माण करावे लागत असेल तर ती दया राहत नाही, खेळाचा शेवटचा डाव होते. सोमेश्वर राजा त्याला विनोद म्हणत होता. आपण त्याला दया म्हणू लागलो, हा काही नैतिक विकास नव्हे.

हे बोलल्यावर दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. गळ टाकणाऱ्या छांदिष्टाइतके नदीकडे बारकाईने पाहणारे लोक थोडे. पाणी किती थंड आहे, कोणत्या दगडाआड मासा विसावतो, कोणत्या महिन्यात कोणता कीटक उडतो, हे त्याला कळते. आणि जे कळते त्यावर माणूस प्रेम करू लागतो. कावेरी नदीवर महसीर धरून सोडणाऱ्या छावणीत १९९८ ते २०१२ या काळात मिळालेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. संशोधकांनी त्या अभ्यासल्या तेव्हा तेथील मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर झपाट्याने नाहीसा होत असल्याचे उघड झाले. हा मासा आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. त्या नोंदी नसत्या तर तो कदाचित कोणाच्या लक्षात न येताच संपला असता. छंदाने केलेली ही सेवा अमान्य करता येणार नाही.

पण त्याच कथेचा दुसरा अर्धा भाग आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. कावेरीतील मूळच्या महसिराची जागा घेतली ती निळसर परांच्या दुसऱ्या महसिराने, आणि तो आला लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातून. महसीर वाढावा, गळ टाकणाऱ्यांनाही तो मिळावा, या सदिच्छेने त्याचे बीज दूरच्या नदीत सोडले गेले होते. ट्राउटचेही तसेच. काश्मीरच्या नद्यांतला ट्राउट आज तिथला रानटी मासा समजला जातो. वास्तविक त्याची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून आणली गेली, कारण साहेबाला आपला खेळ येथे हवा होता. तपकिरी आणि इंद्रधनुषी हे दोन्ही ट्राउट जगातील सर्वांत घातक अशा शंभर आक्रमक जीवजातींच्या यादीत आहेत. एका माशावरील प्रेमाने दुसऱ्या माशाचे घर मोडले. गळ काढताना हात हळुवार होते; नदीत परका मासा सोडताना मात्र मूळच्या रहिवाशांची आठवण झाली नाही. ज्या प्रेमाचा आरंभ स्वतःच्या आनंदात असतो, त्याची नजर आनंद देणाऱ्यापुरतीच पोहोचते.

आता हा प्रश्न घेऊन आपण आपल्या घरी येऊ. गळाचा छंद असलेली माणसे आपल्या धर्मग्रामांत थोडी. शुक्रवारी मासे खाणारी कुटुंबे पुष्कळ. उपवासकाळात आपण मांस वर्ज्य करतो आणि मासा चालतो म्हणून निश्चिंत होतो. त्या माशाची नदी कशी आहे, हे आपण विचारत नाही. मृगाच्या पहिल्या पुरात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे, ज्यांना वसईकडे वलगणीचे आणि देशावर चढणीचे मासे म्हणतात, पोती भरभरून मारले जातात. त्या पोत्यांत पुढच्या वर्षीचे मासेही असतात. अंडी भरलेला मासा स्वस्त मिळाला म्हणून आपण आनंदतो. यात कोणाचाही खेळ नाही, गळही नाही. पण कारण शोधू गेले तर भूक थोडी आणि हाव फार, असेच उत्तर मिळते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांची तहान भागवण्यासाठी सुमारे ३४० किलोमीटर दूरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आले. ते कृष्णेचे होते. लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. माणसाच्या घोटभर पाण्याचा प्रश्न असताना माशाचा विचार कोण करणार, आणि त्या वेळी तो केला नाही म्हणून कोणी दोषही देऊ नये. परंतु धरण एका दिवसात आटत नाही. पाणी डबक्याएवढे होते, तापते, त्यातला प्राणवायू कमी होतो, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडे ठेवतात आणि मग उलटे तरंगू लागतात. त्यांच्याबरोबर जाळे टाकणाऱ्या भोई कुटुंबांचेही वर्ष बुडते. इकडे नांदेडला भर पाण्यातही शहराचे सांडपाणी गोदावरीस मिळते आणि तोच प्राणवायू खाते. अशा वेळी मासे मरतात ते कोणाच्या पोटासाठी नव्हे आणि कोणाच्या करमणुकीसाठीही नव्हे. ‘विनाकारण’ या शब्दाचा याहून उघड अर्थ दुसरा कोणता असेल?

म्हणून माशावर दया करायची असेल तर ती गळ काढण्याच्या क्षणी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी करावी लागते. नदीत पाणी ठेवणे, त्यात घाण न सोडणे, विणीच्या दिवसांत तिला मोकळे सोडणे, ज्या नदीचा जो मासा त्यालाच तेथे राहू देणे, ही ती दया. तिला टाळ्या मिळत नाहीत आणि छायाचित्रही निघत नाही. ज्याला भूक आहे त्याने कृतज्ञतेने जाळे टाकावे. प्रभूने तसे मासे आशीर्वादून वाढले आहेत. ज्याला नदीकाठच्या शांततेची ओढ आहे त्याने अवश्य नदीवर जावे, तासन्‌तास पाण्याकडे पाहावे, मासा कोठे विसावतो हे शिकून घ्यावे; त्या ज्ञानासाठी त्याच्या ओठात लोखंड रुतवण्याची गरज नाही. आणि ज्यांना यांपैकी काहीच करावयाचे नाही अशा आपण सर्वांनी येत्या उपवासकाळात ताटातला मासा उचलण्यापूर्वी तो ज्या पाण्यातून आला त्या पाण्याचे आपण काय केले, एवढे तरी स्वतःला विचारावे.